गभणे सरांची जन्मतारीख

आमच्या शाळेत कुणी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलं, की मुख्याध्यापक गभणे सर त्याला आधी बसायला सांगत, माठातलं पाणी देत आणि मग विचारत, "काहून?"

त्या 'काहून'मध्ये धाक नव्हता, पण तो चुकवून उठून जाणं कुणाला जमत नसे. मुलाला शेतावर घालायचं, मुलीचं लग्न ठरलंय, काहीही कारण असो, सांगता सांगता माणूस स्वतःच अडखळे. कारण पटलं तर सर लगेच दाखला लिहून देत. नाही पटलं तर म्हणत, "लिहिला आहे बाप्पा, पण शाई वाळून राहिली. सोमवारी येजो." आणि मधल्या रविवारी सायकल काढून त्याच्या घरी जात. चहा पीत, धानाची चौकशी करीत, दाखल्याचा विषयही काढत नसत. फक्त मुलीला हाक मारून गणिताची वही आणायला सांगत आणि वडिलांच्या समोर ती बघत बसत.

यमुना नावाची नववीतली एक मुलगी होती. तिचे वडील पाच सोमवार आले. पाचव्या सोमवारी ते कचेरीच्या दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "अजी सर, ही कोणती शाई होय? माह्या पोरीचं लगन होऊन तिले लेकरू होईल, तरी वाळाची नाही."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाले, "मॅट्रिकची शाई होय ते. एक वर्ष लागते तिले."

यमुनाचे वडील आत येऊन माठातलं पाणी प्याले. मग तेही हसले आणि दाखला न घेताच गेले. यमुना मॅट्रिक झाली. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सर पंगतीला बसून जेवून आले.

हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण तोवर मला पवनीला येऊन दोन वर्षं झाली होती. मी मूळची जवाहरनगरची. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होते. क्वार्टर, वेळेवर येणारी बस, सगळं शिस्तीत आखलेलं. बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर या मुलींच्या आणि मुलांच्या मिळून असलेल्या शाळेत विज्ञान शिकवायला नेमणूक झाली, तेव्हा मी घरी सांगून आले होते की दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर परत येते. एका बाजूला वैनगंगा, दुसरीकडे नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या, आणि मध्ये हे जुनं गाव. मला सगळंच परकं वाटत होतं.

पहिल्या आठवड्यात गभणे सर रोज माझ्या तासाला नववीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसत. ठेंगणे, सावळे, पांढरा सदरा, पांढरा पायजमा. मुलांच्या मध्ये गुडघे आवळून बसलेले. मला वाटे, हे माझी परीक्षा घेताहेत. मी पुस्तकावरून मान वर करत नसे. मुलंही गप्प. चौथ्या दिवशी मी दवाबद्दल शिकवत होते. सरांनी हात वर केला.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा ना सर."

"दव पडते म्हंते सारे. मंग ते वरून पडते का? मी रात्रभर आंगणात झोपतो, माह्या तोंडावर तर कधी नाही पडलं."

वर्ग हसला. मीही हसले. मग मी दव पडत नाही, तिथल्या तिथे जमतं, हे सांगायला लागले, आणि पाचच मिनिटांत एका मुलीने उठून विचारलं, मग पालथ्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, आतल्या बाजूला ते का जमत नाही? दुसऱ्या मुलाने धुक्याचं विचारलं. तास संपला तेव्हा सहा हात वर होते. दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. त्यानंतर ते माझ्या वर्गात कधीच येऊन बसले नाहीत. दव कसं जमतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. ते स्वतः विज्ञानाचेच शिक्षक होते.

दिवाळीला मी घरी गेले, ती पवनीला परत येण्यासाठीच.

त्यांची आणखी एक सवय होती. व्हरांड्यातून चालताना ते चपला घासत चालत. खर्र, खर्र असा आवाज करीत. पाय अधू असेल असं मला वाटे. एकदा त्यांच्या घरी गेले, तर ते अंगणात मांजरासारखे हलके चालत होते. मी आश्चर्याने बघतेय हे काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "शाळेतच घासते ते चपला. दोन महिन्याले एक जोड लागते."

मी सरांना विचारलं. ते थोडे ओशाळले. "मुख्याध्यापकानं चोरपावलानं नाही फिराचं बाई. कोणी मास्तर थकून बसला असंल, कोणी डोळे मिटले असंल. आपण येऊन राहिलो, हे आधी समजू द्याचं. कोणाले पकडून काय भेटते?"

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत निम्मी शाळा चिखलात असे. दुसऱ्या शाळांत अशा मुलांची नावं कमी होत. सर तसं करत नसत. ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत जात, आणि रोवणा करणाऱ्या पोरींना वाकलेल्या अवस्थेतच सतराचा पाढा विचारत. बाया हसत. एखादी म्हातारी म्हणे, "मास्तर, मले बी इचारा ना." तर सर तिलाही विचारत. ती चुकली की तिच्या नातीने सांगायचं. रोवणा संपला की त्या सगळ्या पोरी शाळेत परत येत, कारण शाळाच त्यांच्या बांधीपर्यंत येऊन गेलेली असे.

पण मला सांगायचं आहे ते लक्ष्मणचं.

लक्ष्मण भुरे सरांचा लाडका विद्यार्थी होता. वडील साप चावून गेले तेव्हा तो दोन वर्षं घरी बसला होता. सरांनीच त्याला परत आणून वर्गात बसवलं. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा मोठा, उंच, कबड्डीत पुढे, अक्षर मोत्यासारखं. मॅट्रिकनंतर तो आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात मजुरी करू लागला. काही वर्षांनी बातमी आली, की जवाहरनगरच्या फॅक्टरीत भरती आहे. लक्ष्मणचं सगळं बसत होतं. फक्त वय चार महिन्यांनी जास्त होत होतं.

दुपारच्या सुट्टीत तो कचेरीत आला. मी तिथे निकालपत्रकं तपासत होते. आमचे कारकून वंजारी बाबू कपाटापाशी होते.

"सर, माही तारीख चार महिने इकडं सरकवली, तर काम होते," तो म्हणाला.

सरांनी स्वतः उठून दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पान उघडलं. बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले.

"हे कोणी लिहिलं, ठाऊक आहे? मी लिहिलं. तुह्या बापानं सांगतलं, मी लिहिलं."

"मंग तुमीच बदलवा ना सर. तुमचाच हात होय."

"म्हणूनच नाही बदलवत."

"कोण पाहाले येते? माहा जलम कधी झाला, हे मले बी ठाऊक नाही."

"तू पाहून राहिला. मी पाहून राहिलो. बाई आहेत, बाबू आहेत. आणखी कोण पाहिजे?"

लक्ष्मणची आई बाहेर व्हरांड्यात बसली होती. ती आत आली आणि सरांच्या पायाशी वाकली. "मास्तर, तुमच्या पाया पडतो. लेकराचं आयुष्य बनून जाईल."

सर एकदम उठून भिंतीला टेकले. "माय, असं नोका करू. मी त्याच्यासाठी काहीबी करीन. हे सोडून."

लक्ष्मणने आईला दंड धरून उठवलं. जाताना तो म्हणाला, "दुसरं कायच पाहिजे नव्हतं सर मले." आणि ती दोघं गेली.

मला सरांचा भयंकर राग आला. फॅक्टरीतली नोकरी म्हणजे काय हे मला माहीत होतं. माझं सगळं बालपण त्या नोकरीवर उभं होतं. चार महिन्यांसाठी एखाद्याचा जन्म असा मोडायचा? शाळा सुटल्यावर मी ते त्यांना तोंडावर म्हणाले. सर रागावले नाहीत.

"बाई, आज याले चार महिने देईन. उद्या दुसरा येईल, तो चार वर्षं मागेल. मंग मी कोणाले देऊ? माह्या लाडक्याले देऊ आणि बाकीच्याले नाही म्हणू?" मग म्हणाले, "गरिबाजवळ कागद कोणता असते? सातबारा नाही, काही नाही. आपल्या शाळेचा दाखला, तेवढाच त्याचा कागद. त्या कागदावरचा लोकांचा भरवसा गेला, तर समद्याचाच गेला."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं पटलेलं नाही.

त्यानंतर महिनाभर सर लक्ष्मणसाठी हिंडले. भंडाऱ्याला गेले, शहापूरला कुणी ओळखीचे होते त्यांच्याकडे गेले, राइस मिलवाल्यांना भेटले. एका मिलमध्ये जागा मिळालीही. लक्ष्मणने निरोप पाठवला की नको. पुढे त्याने बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सर शाळेत जाता येता तिथून जात आणि हात वर करून विचारत, "कसा आहेस लक्ष्मण?" लक्ष्मण चाक फिरवत राही. मान वर करीत नसे. हे एक दिवस, दोन दिवस नाही. वर्षानुवर्षं.

सरांची सायकल पंक्चर झाली की ते ती ढकलत लांब त्याच्याच दुकानात नेत. तो मुकाट्याने पंक्चर काढी. सर बाकावर बसून राहत. मी एकदा म्हटलं, "सर, शाळेच्या बाजूलाच दुसरं दुकान आहे की." तर म्हणाले, "तो माह्याशी बोलत नाही बाई, पण माह्या सायकलशी तर बोलते. तेवढंच ऐकतो."

पुढची गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. सरांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. त्यांच्या चुलत भावाला गावाकडच्या शेताच्या वाटणीसाठी जुने कागद लागत होते. त्याने तहसिलीतून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढून आणली. त्यात योगायोगाने सरांच्या जन्माचीही नोंद होती. ती शाळेतल्या तारखेपेक्षा दोन वर्षांनी अलीकडची. म्हणजे सर अठ्ठावन्न वर्षांचे होऊन निवृत्त होणार होते, ते खरे छप्पन्नच वर्षांचे असताना.

वंजारी बाबूंना ही बातमी कळली तेव्हा ते नाचायचेच बाकी राहिले. त्यांनी अर्ज लिहून ठेवला. नक्कल जोडली. संस्थेचे लोक तयार होते. वरच्या कचेरीतल्या साहेबांनाही सरांबद्दल आदर होता. अशा वेळी काय करता येतं आणि काय नाही, हे बाबूंना पाठ होतं. आम्ही दोघं अर्ज घेऊन सरांपुढे बसलो.

"सर, फक्त सही करा," बाबू म्हणाले. "हे खोटं नाही. हे तर सरकारी बुक होय. तुमी म्हंता ना, नोंद म्हंजे नोंद. मंग हे बी नोंदच होय."

सरांनी नक्कल हातात घेतली. ती वाचताना त्यांचा चेहरा मऊ झाला. म्हणाले, "मले ठाऊक होतं."

त्यांनी नक्कल टेबलावर सरळ करून ठेवली.

"माय मराच्या आधी सांगून गेली. बाप नव्हता. मायले रोवण्यावर जा लागे. मले कोणापाशी ठेवाचं? चार वर्षाचा होतो मी. तिनं शाळेत नेलं आणि सांगतलं, सहा झाले. गुरुजीनं माहा हात डोक्यावरून नेऊन पाहिला, कानाले लागते का म्हणून. लागला नाही. तर मायनं माही मान अशी वाकवली, आणि लावून देला कान." सर स्वतःच्या डोक्यावरून हात नेऊन दाखवत होते आणि हसत होते. "गुरुजीनं पाहिलं. तो बी काही नाही बोलला. लिहून घेतलं."

"मग सर, दुरुस्त करायला काय हरकत आहे?" मी म्हटलं. "आईने अडचणीत सांगितलं. आता खरं ते लिहू."

त्यांनी अर्ज घडी करून माझ्याकडे परत दिला. "बाई, बसस्टँडवरून रोज जातो मी. लक्ष्मणाले काय सांगू? तुह्या वेळेस नाही जमलं, माह्या वेळेस जमलं?"

"पण त्याचं वेगळं होतं सर. त्याच्याजवळ पुरावा नव्हता."

"तो गरीब होता म्हणून पुरावा नव्हता. माह्या भावाजवळ शेत आहे, म्हणून पुरावा निघाला. एवढाच फरक आहे."

वंजारी बाबू रडायला लागले. पन्नाशीचा माणूस, समोर बसून उपरण्याने डोळे पुसत होता. सर उठले, त्यांच्यासाठी माठातून पाणी आणलं, आणि बाहेर गेले. खर्र, खर्र असा चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

निरोपसमारंभाच्या दिवशी भाषणं फार लांबली. सर बोलायला उभे राहिले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. ते म्हणाले, "शाळा पाचले सुटते. बाहेरगावच्या पोरींले घरी जाचं आहे. मी त्यायले उशीर होऊ देला नाही कधी." एवढं बोलून खाली बसले. सगळे टाळ्या वाजवायचं विसरले.

त्यानंतर त्यांनी शाळेत पाऊल ठेवलं नाही. मी किती वेळा बोलावलं. "नाही बाई. त्या खुर्चीवर आता दुसरा माणूस आहे. मी आलो तर पोट्टे कोणाले नमस्कार करतील?" काकूंना घेऊन ते आपल्या गावी, पवनीपासून पाच-सहा मैलांवर, राहायला गेले. मी सुट्टीत भेटायला जात असे. अंगणात बाजेवर बसलेले असत. अकरा वाजता उठून सदरा घालत, मग काढून खुंटीला अडकवत. काकू मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, "रोजचं आहे हे. मी पाहून न पाहिल्यावानी करतो." वर्षभरात ते फार वाळले. जेवण कमी झालं. डॉक्टरला काही सापडलं नाही.

सरांनी स्वतःची तारीख बदलली नाही, ही गोष्ट हळूहळू गावभर झाली. एक दिवस संध्याकाळी मी बसस्टँडवरून जात होते, तर लक्ष्मणने मला थांबवलं. इतक्या वर्षांत तो माझ्याशीही कामापुरतंच बोलत असे.

"बाई, सरानं आपली बी तारीख नाही बदलवली म्हंते. खरं होय का?"

"खरं आहे."

"पुरावा असून?"

"हो."

तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता याचा राग विरघळेल. याला काहीतरी कळेल. तो म्हणाला, "मंग त्यायनं दोघाचंही नुकसान केलं."

तेवढं बोलून तो खाली बसला आणि चाकाचे स्पोक आवळू लागला. मी पुढे निघाले. घरी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नव्हतं, आणि ते कुणासाठी होतं हे मला सांगता आलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात, धानाची मळणी चालू असताना, सर गेले. खऱ्या तारखेने त्यांची नोकरी अजून काही महिने शिल्लक होती. हा हिशेब वंजारी बाबूंनी स्मशानात माझ्या कानाशी केला. वैनगंगेच्या काठी पाच गावांची माणसं होती. यमुना दोन लेकरांना घेऊन आली होती. लक्ष्मण सगळ्यांपासून दूर उभा होता. वाळूतून तिरडी नेताना खांदेकऱ्यांचे पाय रुतू लागले, तेव्हा तो पुढे आला, एकाच्या जागी त्याने खांदा दिला, आणि नदीपर्यंत तो सोडला नाही. अग्नी दिल्यावर तसाच निघून गेला.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्मशानात नव्हे. त्याच्या आधी तीन आठवडे पाहिलं होतं.

बाजाराचा दिवस होता. सकाळचे अकरा वाजले होते. प्रार्थना होऊन मैदानात राष्ट्रगीत सुरू झालं होतं. मी नववीच्या रांगेशेजारी उभी होते. कुंपणाच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर बाजाराला जाणाऱ्यांची गर्दी होती. बैलबंड्या, टोपल्या घेतलेल्या बाया, सायकली. आणि त्या गर्दीत एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता. पिशवी त्याने पायाशी ठेवली होती. हात दोन्ही बाजूंना सरळ. एक बंडीवाला त्याच्यावर ओरडला, बाजूला वळून गेला. तो हलला नाही. सदरा अंगावर लोंबत होता, म्हणून आधी मी ओळखलंच नाही.

राष्ट्रगीत संपलं. सरांनी वाकून पिशवी उचलली. वाकायला त्यांना वेळ लागला. शाळेकडे त्यांनी मान वळवली नाही. माझ्या मनात आलं, धावत फाटकापर्यंत जावं, हाक मारावी, पिशवी हातातून घ्यावी. दोन मिनिटांचं तर काम. पण रांगा वर्गाकडे निघाल्या होत्या, आणि माझा पहिला तास होता. तास सोडून मी रस्त्यावर आले असते, तर सरांना ते आवडलं नसतं. हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, की माझे पाय जागचे हलले नाहीत.

मी वर्गात गेले. हजेरी घेतली. मग खिडकीतून पाहिलं, तेव्हा रस्त्यावर बाजाराचीच माणसं होती.